कॅमेरा बसला, समिती झाली. पण पोरगं सांगणार कुणाला?

विदर्भ सोडून राज्यातल्या शाळा १६ जून २०२५ला सुरू झाल्या. पहिलीतल्या पोरांना फुलं, फुगे, नवी पुस्तकं मिळाली. मुख्याध्यापकांच्या टेबलावर मात्र आणखी एक कागद येऊन पडला होता. शालेय शिक्षण विभागाचा १३ मे २०२५चा शासन निर्णय, विषय विद्यार्थ्यांची सुरक्षितता. असा हा पहिलाच कागद नाही. बदलापूरची घटना उघड झाल्यावर २१ ऑगस्ट २०२४ रोजी असाच एक निर्णय निघाला होता. त्याच्याही आधी, १० मार्च २०२२ रोजी, प्रत्येक शाळेत ‘सखी सावित्री समिती’ नेमायचा आदेश झाला होता.

सव्वातीन वर्षांत तीन निर्णय. वाचायला बसलात तर यादी चांगलीच आहे. सीसीटीव्ही बसवा. तक्रारपेटी लावा. कर्मचाऱ्यांची पोलिसांकडून पडताळणी करून घ्या, कंत्राटी असले तरी. विद्यार्थी सुरक्षा समिती नेमा. स्कूलबसकडे लक्ष द्या. मुलांना चांगला-वाईट स्पर्श शिकवा. नियमांची कमतरता आहे असं कुणी म्हणणार नाही.

तरीही पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात हे नियम लावून बघितले की एक प्रश्न शिल्लक राहतो. सहा वर्षांच्या पोराला शाळेत काही झालं, तर ते सांगेल कुणाला? आणि ज्याला सांगेल, त्याला पुढे काय करायचं हे माहीत आहे का? कॅमेरा मोजता येतो, समितीच्या सह्या मोजता येतात. ऐकणारा माणूस कुठल्याच तक्त्यात बसत नाही, म्हणून तपासणीतून तोच सुटतो.

बदलापुरात नेमकं काय अडलं?

बदलापूर म्हटलं की आपल्याला २० ऑगस्ट २०२४चा रेल रोको आठवतो. रुळांवर उतरलेली गर्दी, तासन्‌तास थांबलेल्या लोकल, लाठीमार. त्या गर्दीच्या आधीचे दिवस मात्र फारसे आठवत नाहीत. खरं शिकण्यासारखं तिथेच आहे.

पूर्वप्राथमिकच्या दोन चिमुरड्यांवर शाळेच्या स्वच्छतागृहात अत्याचार झाल्याचा आरोप होता. आरोपी सफाईच्या कामावर कंत्राटी पद्धतीनं घेतलेला. मुलींनी आपल्या घरी सांगितलं. म्हणजे त्या चार वर्षांच्या पोरींनी जे करायचं होतं, ते केलं. अडलं ते मोठ्यांकडे. पालकांना गुन्हा नोंदवण्यासाठी पोलीस ठाण्यात सुमारे बारा तास थांबावं लागलं. शाळेनं पोलिसांना कळवलं नाही, हे मुंबई उच्च न्यायालयासमोर आलं. न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली आणि पुढे शाळेच्या पदाधिकाऱ्यांवरही पॉक्सोखाली गुन्हा नोंदवला गेला.

आणि कॅमेरे? शाळेतलं १५ दिवसांचं रेकॉर्डिंग गायब असल्याचं तेव्हाचे शिक्षणमंत्री दीपक केसरकर यांनीच सांगितलं होतं. म्हणजे कॅमेरा असूनही उपयोग झाला नाही. तसंही स्वच्छतागृहाच्या आत कॅमेरा लावता येत नाही आणि लावूही नये. कॅमेरा दारापर्यंतचं दाखवतो. दाराआडचं फक्त मूल सांगू शकतं.

या प्रकरणानंतर उच्च न्यायालयाच्या सूचनेवरून एक समिती नेमली गेली. निवृत्त न्यायमूर्ती साधना जाधव आणि शालिनी फणसळकर-जोशी त्यात होत्या. त्याच सुनावणीत न्यायालयानं एक मुद्दा ठामपणे मांडला होता. मुलींना ‘जपून राहा’ सांगणं पुरेसं नाही, मुलांनाही शिकवायला हवं. टीव्हीवरच्या वादावादीत तो मुद्दा कधीच मागे पडला.

निगडीची गोष्ट आपल्या दाराशी

बदलापूर लांब वाटत असेल तर निगडीकडे बघू. त्याच ऑगस्टच्या शेवटी निगडीतल्या एका शाळेत बारा वर्षांच्या विद्यार्थिनीचा विनयभंग केल्याच्या आरोपावरून शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाला अटक झाली. मुलगी प्राथमिकच्या थोडी पुढची, पण यंत्रणा तीच. पोलिसांच्या माहितीनुसार या शिक्षकावर २०१८मध्येही अशाच प्रकारचा गुन्हा दाखल झाला होता. तरी तो पुन्हा त्याच शाळेत शिकवत होता. म्हणून या वेळी मुख्याध्यापक आणि संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनाही अटक झाली.

दोषी कोण, हे कोर्ट ठरवेल. आपल्यासाठी प्रश्न वेगळा आहे. पडताळणी म्हणजे अनोळखी माणसाची माहिती काढणं, असं आपण धरून चालतो. इथे माणूस अनोळखी नव्हता. संस्थेला आधीचं प्रकरण माहीत होतं, असा पोलिसांचा आरोप आहे. अशा ठिकाणी पोलीस पडताळणीचा दाखला फाइलला लावून काय होणार? माहिती असणं आणि त्या माहितीवर काही करणं, यातली दरी कुठलाही फॉर्म भरून बुजत नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवालही हेच सांगतात. मुलांवरच्या बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत ९० टक्क्यांहून जास्त वेळा आरोपी मुलाच्या ओळखीतला असतो. नातेवाईक, शेजारी, शिक्षक, गाडीवाले काका. ‘अनोळखी माणसाकडून चॉकलेट घेऊ नकोस’ हा आपल्या लहानपणीचा धडा अगदीच चुकीचा नव्हता, पण फार अपुरा होता.

आणि हा विषय फक्त मुलींचा नाही. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २००७मध्ये १३ राज्यांतल्या बारा हजारांहून जास्त मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. लैंगिक छळ झाल्याचं सांगणाऱ्या मुलांत निम्म्याहून थोडे जास्त मुलगे होते. तरी ‘मुलग्याला काय होतंय’ असं म्हणणारे लोक आपल्या घरातच सापडतील.

ऐकणाऱ्यावर कायद्याचं ओझं आहे

पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ रोजी लागू झाला. त्यातलं कलम १९ प्रत्येक कॉलेजच्या नोटीस बोर्डावर असायला हवं. मुलावर असा गुन्हा झाल्याचं किंवा होण्याची शक्यता असल्याचं ज्या कुणाला कळलं, त्यानं ते पोलिसांना कळवायचंच आहे. ‘कळवू शकतो’ नाही, ‘कळवलंच पाहिजे’. यात शिक्षिका आल्या, शिपाई आले, डॉक्टर आले, शिकवणी घेणारी ताई आली. तुम्ही-आम्हीही आलो.

कळवलं नाही तर कलम २१ लागतं. साध्या माणसाला सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. संस्थेचा प्रमुख असेल आणि त्यानं हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला, तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. उलट, चांगल्या हेतूनं कळवणाऱ्यावर नंतर खटला भरता येत नाही, हेही त्याच कायद्यात लिहिलंय. ‘आपण कशाला लफड्यात पडा’ या भीतीला कायद्यानं २०१२मध्येच उत्तर दिलंय, ते आपल्यापर्यंत पोचलेलं नाही एवढंच.

याचं महाराष्ट्रातलं मोठं उदाहरण चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याचं. तिथल्या शाळेच्या वसतिगृहातल्या अल्पवयीन आदिवासी मुलींवरच्या अत्याचाराचं प्रकरण २०१९मध्ये उघड झालं. मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरवर, माहिती असून कळवलं नाही, असा आरोप होता. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं डॉक्टरविरुद्धचा गुन्हा रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयानं २ नोव्हेंबर २०२२ रोजी तो निर्णय फिरवला आणि माहिती असून गप्प राहणं हा गंभीर गुन्हा असल्याचं सांगितलं.

मग शाळा गप्प का बसतात? बदनामीची भीती असते. ‘आधी आपण आपल्या पातळीवर चौकशी करू’ ही सवय असते. पुष्कळदा ती वाईट हेतूनं नसते. मुख्याध्यापिकेला खरंच वाटतं की खात्री झाल्याशिवाय कुणावर आळ घेऊ नये. पण कायदा शाळेला तपास करायला सांगत नाही, फक्त कळवायला सांगतो. खरं-खोटं करणं पोलिसांचं काम. शाळेनं आपली वेगळी चौकशी लावली की मुलाला तीच गोष्ट चार वेळा, चार मोठ्या माणसांसमोर सांगावी लागते. दरम्यान घरच्यांवर दबाव यायला वेळही मिळतो.

पोलिसांनी काय करायचं हेही ठरलेलं आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घ्यायचा, शक्यतो महिला उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यानं, आणि गणवेश न घालता. मुलाला रात्री कुठल्याही कारणानं पोलीस ठाण्यात ठेवायचं नाही. हे पालकांना माहीत असेल तर ते मागू शकतात. माहीत नसेल तर बाकावर बसून राहतात.

शिफ्ट, खोली आणि शाळेची घंटा

आता आपला पट्टा. पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या २००१मध्ये दहा लाखांच्या आसपास होती, २०११मध्ये ती सतरा लाखांच्या वर गेली. त्यानंतरची जनगणना २०२५पर्यंत झालीच नव्हती, पण मोशी, चऱ्होली, ताथवडेकडे एक चक्कर मारली तरी अंदाज येतो. पलीकडे चाकण, महाळुंगे, कुरुळी, निघोजे, खराबवाडी, नाणेकरवाडी. गावाला पुरेल अशी बांधलेली जिल्हा परिषदेची शाळा, आणि आजूबाजूला चाळीसारख्या भाड्याच्या खोल्यांत राहणारा कामगारांचा अख्खा नवा गाव. लातूर, बीड, परभणी, बुलडाण्याची माणसं, तशीच बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाची.

या घरांतलं वेळापत्रक कंपनीच्या शिफ्टवर चालतं. पहिली शिफ्ट गाठायला बाप अंधारात बाहेर पडतो. आई हाउसकीपिंगला, पॅकिंगला किंवा घरकामाला जाते. इकडे शासनानं फेब्रुवारी २०२४मध्ये ठरवलं की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. मुलांची झोप पूर्ण व्हावी म्हणून घेतलेला निर्णय, हेतू चांगलाच. पण ज्या घरात आई-बाप सातला बाहेर पडतात, तिथे सात ते नऊ पोरगं कुणाकडे? शाळा सुटल्यापासून आई येईपर्यंत कुणाकडे? बऱ्याचदा उत्तर असतं, चौथीतली ताई. कधी शेजारच्या खोलीतले काका, ज्यांची नाइट असते म्हणून दिवसा घरी असतात.

सगळे शेजारी वाईट असतात असं कुणी म्हणत नाही. उलट, या खोल्यांमध्ये माणसं एकमेकांची पोरं सांभाळतात म्हणूनच हा पट्टा चालतो. पण सरकारी कागदावरची ‘सुरक्षित शाळा’ फाटकात सुरू होते आणि फाटकात संपते. पोराचा दिवस मात्र आधी सुरू होतो आणि नंतर संपतो.

त्यात भाषेची भर. पहिलीपासून तिसरी भाषा असावी की नाही, यावर एप्रिल २०२५पासून राज्यभर रण पेटलं होतं. त्या वादात एक साधी गोष्ट कुणी बोललं नाही. चाकणच्या एखाद्या वर्गात घरी भोजपुरी बोलणारं पोरगं बसलेलं असतं. शाळेची मराठी त्याला अजून यायची असते. ‘पोट दुखतंय’ सांगायला त्याच्याकडे शब्द नसतात, तिथे ‘मला त्यांची भीती वाटते’ कसं सांगणार? अशा पोराचा आधार म्हणजे त्याची भाषा थोडीफार समजणारी शिक्षिका किंवा शेजारच्या बाकावरचा मित्र. कंपनी बदलली, खोली बदलली की तेही तुटतं.

पालकांच्या बैठकांचंही तसंच. शिक्षण हक्क कायद्यानं प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती ठेवलीय. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला हव्यात. कागदावर इतकी ताकद पालकांना क्वचितच कुठे मिळते. बैठक मात्र शाळेच्या वेळेत, कामाच्या दिवशी. कंत्राटी कामगारानं अर्धा दिवस घेतला तर अर्ध्या दिवसाची हजेरी गेली. मग समितीत कोण राहतं? ज्यांना वेळ आहे ते. शाळेत ज्यांची पोरं सगळ्यात जास्त आहेत, त्यांचे आई-बाप तिथे दिसत नाहीत.

तक्रार न्यायची कुठे?

समजा भोसरीतल्या पालकाला तक्रार करायचीय. शाळा महापालिकेची, म्हणजे पिंपरीतल्या मुख्यालयातला शिक्षण विभाग. चाकणजवळच्या गावातला पालक असेल तर शाळा पुणे जिल्हा परिषदेची, गटशिक्षणाधिकारी राजगुरुनगरला. दोघांचं पोलीस आयुक्तालय मात्र एकच, १५ ऑगस्ट २०१८ रोजी सुरू झालेलं पिंपरी-चिंचवडचं, कारण चाकण त्याच्याच हद्दीत येतं. अंगणवाडी असेल तर खातंच वेगळं, महिला व बालविकास. आणि गल्लीतला खासगी प्ले ग्रुप? शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे. बदलापूरच्या मुली वयानं त्याच्या बाहेरच होत्या.

पूर्वी अशा वेळी लोक नगरसेवकाकडे जायचे. काम होवो न होवो, दार ठोठावता यायचं. पण पिंपरी-चिंचवड महापालिकेत आणि पुणे जिल्हा परिषदेत मार्च २०२२पासून प्रशासक होता. तीन वर्षांहून जास्त काळ निवडून आलेला एकही माणूस तिथे नव्हता. सर्वोच्च न्यायालयानं ६ मे २०२५ रोजी निवडणुका घ्यायला सांगितलं. त्या काळात शाळेच्या कारभारात पालकांचा आवाज पोचवणारी एकच जागा उरली होती, ती म्हणजे शाळा व्यवस्थापन समिती. म्हणून तिची बैठक किती वाजता होते, हा किरकोळ प्रश्न राहत नाही.

छडीपासून सुरू होणारं मौन

पोरं सांगत का नाहीत, याचं एक उत्तर रोजच्या वर्गात आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी घातली, त्याला पंधरा वर्षांहून जास्त काळ झाला. २००७च्या त्याच अभ्यासात शाळेत जाणाऱ्या ६५ टक्के मुलांनी मार खाल्ल्याचं सांगितलं होतं. आज प्रमाण कमी झालं असेल, तरी अंगठे धरून उभं करणं, ‘तुझ्या डोक्यात कांदे-बटाटे भरलेत’ म्हणणं, जातीवरून किंवा गावावरून टोमणा मारणं, हे संपलंय असं छातीठोकपणे कोण सांगेल?

आपल्यातले कितीतरी जण अजूनही गमतीनं सांगतात, ‘आम्ही मार खाल्ला म्हणून सुधारलो.’ एकदा लहान पोराच्या जागेवरून बघा. ज्या मोठ्या माणसाकडे डबा सांडल्याचं सांगितलं तर थप्पड बसते, त्याच्याकडे ते याहून मोठी गोष्ट घेऊन जाईल का? घरीही तेच. ‘काय झालं?’च्या आधी ‘तू काय केलंस?’ विचारलं की पोरगं तिथेच गप्प होतं. मारावर बंदी ही लाड करण्यासाठी नाही. पोराचं तोंड उघडं राहावं म्हणून ती लागते.

लहान मूल ‘मला तक्रार करायचीय’ असं म्हणत नाहीच. ते शाळेत जायला रडतं. शाळेतल्या संडासात जायचं टाळतं, घरी येईपर्यंत रोखून धरतं. सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होतं. एका ठरावीक माणसाचं नाव निघालं की विषय बदलतं. प्रत्येक वेळी याचा अर्थ तोच असतो असं नाही. वर्गातली दादागिरी असेल, घरातली भांडणं असतील, अभ्यास झेपत नसेल. पण कुणीतरी बसून विचारायला हवं, हे नक्की. हे काम समुपदेशकाचं असं आपण म्हणतो, आणि बहुतेक प्राथमिक शाळांत पूर्णवेळ समुपदेशक नसतो.

तक्रारपेटीचंही जरा बघा. पहिलीतलं पोरगं चिठ्ठी लिहिणार कशी? पेटी मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर, तिची किल्लीही त्यांच्याकडेच. तक्रार त्याच खोलीतल्या माणसाबद्दल असेल तर?

व्हॅनमधला तास

शाळा आणि घर यांच्यामध्ये एक गाडी असते. राज्यानं २०११मध्ये स्कूलबससाठी वेगळे नियम केले. पिवळा रंग, मुलींसाठी महिला सहायक, प्रत्येक शाळेत परिवहन समिती. मोठ्या शाळांच्या बस बहुतेक पाळतातही. पण आपल्या भागातली असंख्य पोरं पालकांनी मिळून ठरवलेल्या रिक्षात किंवा व्हॅनमध्ये जातात. ती गाडी ‘शाळेची नाही’ म्हणून शाळा हात वर करते. २०२४मध्ये पुण्यात वानवडीला सहा वर्षांच्या दोन मुलींवर अत्याचार केल्याच्या आरोपाखाली ज्याला अटक झाली, तो व्हॅनचालकच होता.

चाकणला तर आधीची अडचणच मोठी आहे. पुणे-नाशिक महामार्ग आणि तळेगाव-शिक्रापूर रस्ता जिथे एकमेकांना छेदतात, तिथे कंटेनरच्या रांगेतून दुसरीतलं पोरगं दप्तर सावरत पलीकडे जातं. मुलांची सुरक्षितता म्हणताना आपण बहुतेक एकाच प्रकारच्या धोक्याचा विचार करतो. शाळा सुटताना चौकात उभा असलेला एक वॉर्डनही त्याच यादीत यायला हवा.

मग करायचं काय?

फार पैसे न लागणाऱ्या काही गोष्टी आहेत. पहिली, गुरुवार. भोसरी-चिंचवड भागातल्या कित्येक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. मग शाळा व्यवस्थापन समितीची आणि सखी सावित्री समितीची बैठक गुरुवारी का नको? जिथे रविवारची सुट्टी आहे, तिथे महिन्यातला एक रविवार. बैठकीची वेळ बदलायला कुठल्या निधीची गरज नाही.

दुसरी, नावं. प्रत्येक वर्गाबाहेर मोठ्या अक्षरात, फोटोसकट, ‘काही झालं तर यांना सांगा’ अशी निदान दोन माणसं, त्यातली एक शाळेच्या बाहेरची. सखी सावित्री समितीत अंगणवाडी सेविका, डॉक्टर, पालक यांना घेण्याची तरतूद आहेच. ही माणसं वर्षातून एकदा सहीला येण्याऐवजी महिन्यातून एकदा वर्गात बसली, तर पोरं त्यांना ओळखू लागतील. न ओळखणाऱ्या माणसाला कुणी गुपित सांगत नाही.

तिसरी, कंत्राटातली अट. सफाई, सुरक्षा, आहार, वाहतूक ही कामं ठेकेदारामार्फत होतात आणि माणसं सारखी बदलतात. पडताळणी ठेक्याच्या सुरुवातीला एकदा होऊन भागत नाही, माणूस बदलला की पुन्हा व्हायला हवी. हे निविदेतच लिहिलं तर पाळायला लावता येतं.

चौथी, कंपन्या. सीएसआरमधून शाळांना रंग, बेंच, संगणक मिळतात, नावाची पाटी लागते. त्यातल्या थोड्या पैशात तीन-चार शाळांत मिळून एक समुपदेशक आणि सकाळ-संध्याकाळ पोरांना बसायला एक देखरेखीचा वर्ग चालू शकतो. ज्यांच्या शिफ्टमुळे सात ते नऊचा प्रश्न तयार झाला, त्यांनी त्याचा थोडा वाटा उचलावा, ही मागणी काही अवाजवी नाही.

हे सगळं हवेतलं वाटत असेल तर चाकणच्याच खेड तालुक्यात बघा. जालिंदरनगरची जिल्हा परिषदेची शाळा पटाअभावी बंद पडायच्या बेतात होती. शिक्षक दत्तात्रय वारे आणि गावकऱ्यांनी ती उभी केली. जून २०२५मध्ये जगातल्या सर्वोत्कृष्ट शाळांच्या स्पर्धेत, समाजाच्या सहभागाच्या गटात, ती पहिल्या दहांत आली. त्या शाळेचं कौतुक मोठ्या पोरांनी लहानांना शिकवण्याबद्दल आणि पालक शाळेत वावरण्याबद्दल होतंय. मोठ्या माणसांची अशी ये-जा असलेल्या शाळेत पोरं एकटी पडत नाहीत.

आपण, म्हणजे तुम्ही-आम्ही

घरात धाकटं भावंड, भाचा, शेजारची चिंगी असेल, तर सगळ्यात आधी कळण्याची शक्यता तुमचीच आहे. आई-बाबांपेक्षा दादा-ताईला सांगणं पोरांना सोपं जातं. म्हणून एवढं लक्षात ठेवा:

• पोरानं सांगितलं की आधी ऐका. ‘सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही’ एवढं बोला. खोदून-खोदून विचारू नका, शब्द त्याच्या तोंडात घालू नका.

• ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. ते तुम्हाला पाळता येणार नाही, कायद्यानंही नाही.

• १०९८ हा मुलांसाठीचा चोवीस तास चालणारा मोफत क्रमांक आहे. १९९६मध्ये मुंबईत सुरू झालेली ही सेवा आता देशभर आहे. तातडी असेल तर ११२.

• आरोपीला गाठून जाब विचारायला जाऊ नका. पुरावे जातात आणि पोराच्या घरच्यांवर दबाव येतो.

• मुलाचं नाव, फोटो, शाळा, सोसायटी, काहीही स्टेटसला नको. पॉक्सोच्या कलम २३नुसार ओळख उघड करणं गुन्हा आहे. बदलापूरच्या वेळी मुलीच्या तब्येतीबद्दल अफवा पसरवल्याच्या आरोपावरून एका २१ वर्षांच्या तरुणीला अटक झाली होती. तिचा हेतू काहीही असो, ती आपल्याच वयाची होती.

• एनएसएसचे तास भरायचे असतील तर झाडाखाली फोटो काढण्यापेक्षा जवळच्या प्राथमिक शाळेत विचारा. तुम्हाला हिंदी, भोजपुरी, उर्दू, कन्नड येत असेल तर तिथे तुमचा खरा उपयोग आहे. आणि हो, तुमचीही पडताळणी व्हायलाच हवी, त्यात अपमान वाटून घ्यायचं कारण नाही.

आणखी एक काम आहे, त्याला अर्धा तास लागतो. तुमच्या घराजवळच्या शाळेत जा, तुमचं भावंड तिथे शिकत असेल तर आईला सोबत घ्या. तीन गोष्टी विचारा. सखी सावित्री समितीत कोण-कोण आहे? शेवटची बैठक कधी झाली? पुढची गुरुवारी ठेवता येईल का? उत्तर मिळालं नाही तर तेच तीन प्रश्न कागदावर लिहून द्या आणि पोच घ्या. नवीन शासन निर्णय निघायची वाट त्यासाठी बघावी लागत नाही, आधीचे तीन तिथे फाइलमध्ये आहेतच.